आखाजीला लहान पोरं घेऊन माहेरी निघताय? मग आधी हे वाचा

आखाजी, म्हणजे आपली अक्षय तृतीया, जवळ आली की पुण्या-मुंबईच्या, नाशिकच्या, सुरतच्या सगळ्या खान्देशी लेकी तिकिटं बघायला लागतात, आणि जिच्या कडेवर वर्षा-दीड वर्षाचं पोर आहे तिला घरातले दहा जण सांगतात की एवढ्या उन्हात कुठे नेतेस त्याला. माझं मत विचाराल तर न्या. झोका, आजीच्या हातचे मांडे, मामाच्या मळ्यातली केळी, हे पोराला मिळालंच पाहिजे. फक्त वैशाखात खान्देशात जायचं तर सगळ्यात आधी वेळ ठरवा, कोणत्या गाडीने जायचं ते नंतर बघू. जळगाव-भुसावळला पारा ४५ च्या पुढे जातो हे आपल्याला नवीन नाही, पण शहरात एसीत वाढलेल्या पोराच्या अंगाला ते एकदम नवीन असतं. म्हणून सकाळी अकरा ते संध्याकाळी पाच या वेळात पोर रस्त्यावर, स्टँडवर, प्लॅटफॉर्मवर नको म्हणजे नकोच. बाकी सगळं प्लॅनिंग या एका गोष्टीभोवती फिरवा.

रात्रीची रेल्वे सगळ्यात बरी. पुण्याहून महाराष्ट्र एक्स्प्रेससारखी रात्रीची गाडी धरली की पोर झोपेतच मनमाड ओलांडतं आणि ऊन चढायच्या आत चाळीसगाव, पाचोरा, जळगाव येतं. सुरतहून येणाऱ्यांनी नवापूर-नंदुरबार-दोंडाईचा-अमळनेर या लाईनवर रात्रीची किंवा अगदी पहाटेची गाडी बघावी, दुपारी त्या लाईनवर खिडकीतून नुसत्या झळा येतात आणि डब्यात पाय ठेवायला जागा नसते. रिझर्वेशन आता ६० दिवस आधी उघडतं, आखाजीची तारीख कॅलेंडरमध्ये वर्षभर दिसत असते, तर उलटे दिवस मोजून पहिल्याच दिवशी सकाळी बुक करा, कारण त्याच सुमाराला लग्नाची दाट तीथ आणि शाळेच्या सुट्ट्या असं सगळं एकत्र येतं. पाच वर्षाच्या आतल्या पोराला वेगळा बर्थ नको असेल तर रेल्वेत तिकीट लागत नाही, पाच ते बारा वर्षाच्या मुलाला बर्थ नको म्हटलं तर अर्धं आणि बर्थ घेतला तर पूर्ण भाडं पडतं. माझं ऐका, पाचच्या पुढचं पोर असेल तर बर्थ घ्याच, उन्हाळ्यात एका बर्थवर दोघांनी घामाघूम होऊन झोपायचं म्हणजे सकाळी उतरताना दोघंही चिडलेले असतात.

लहान पोराला खालचा बर्थ, आणि झोपवताना भिंतीच्या बाजूला पोर, बाहेरच्या बाजूला आपण. वरच्या बर्थवर पोराला एकटं झोपवायचं नाही, कितीही शहाणं असलं तरी. एक गोष्ट फार कमी जण बघतात ती म्हणजे स्लीपरच्या खिडकीचं शटर. ते वर सरकवल्यावर दोन्ही बाजूच्या खटक्यात नीट बसलंय का ते स्वतः हाताने खाली दाबून बघा. अर्धवट अडकलेलं शटर गाडीच्या धक्क्याने धाडकन खाली येतं आणि पोरांची बोटं नेमकी तिथेच असतात, कारण त्यांना बाहेर बघायला खिडकीच्या कडेला धरूनच उभं राहायचं असतं. खटका सैल वाटला तर पोराला त्या खिडकीपाशी बसवू नका. एसीचा डबा असेल तर उलटी काळजी, पहाटे तिथे चांगलीच थंडी वाजते, पायमोजे आणि एक जुनी सुती साडी पांघरायला वरच ठेवा, बॅगेच्या तळाशी नको.

पाचोरा, अमळनेर असल्या स्टेशनवर गाडी मिनिट-दोन मिनिटंच थांबते. मोबाईलला अर्धा तास आधीचा अलार्म लावा, आधी चपला घाला, मग सामान दाराशी, मग सगळ्यात शेवटी झोपलेलं पोर उचला. पोराला आधी उठवलं की ते रडतं आणि मग सामान राहतं. भुसावळला उतरणार असाल तर गर्दी फार, तीन-चार वर्षाच्या पोराच्या दंडावर पेनने आपला मोबाईल नंबर लिहून ठेवा, चिठ्ठी खिशातून पडते पण दंडावरचं राहतं. चुकामूक झालीच तर रेल्वेचा १३९ आणि मुलांसाठीचा १०९८ हे दोन नंबर लक्षात असू द्या.

एसटीने जाणाऱ्यांसाठी, पाच वर्षाखाली तिकीट नाही, पाच ते बारा अर्धं, आणि मार्च २०२३ पासून बायकांना अर्धं, त्यामुळे आई आणि लेकराचा प्रवास स्वस्तात होतो. पहाटेची पहिली गाडी धरा. शक्यतो मधल्या सीट घ्या, मागच्या चाकावर आणि शेवटच्या बाकावर हिसके फार बसतात. आणि ऊन कुठल्या बाजूने येणार हे चढायच्या आधी डोक्यात ठेवा, चाळीसगावहून धुळ्याला सकाळी निघालात तर ऊन उजवीकडून येतं म्हणून डावीकडे बसायचं, संध्याकाळी त्याच रस्त्याने निघालात तर उजवीकडे. धुळे-जळगाव रस्ता पूर्व-पश्चिम आहे, तिथे बाजू बदलून फार फरक पडत नाही, खिडकीला ओली ओढणी बांधा झालं. अंगावर पाजणाऱ्या आईने स्टँडवर हिरकणी कक्ष विचारावा, कुलूप असेल तर चौकशी खिडकीवर जाऊन उघडून मागावा, लाजायचं काही कारण नाही, तो आपल्यासाठीच केलाय.

कारने येत असाल तर पोर मागच्या सीटवर, चाइल्ड सीट असेल तर उत्तम. पुढच्या सीटवर मांडीत घेऊन बसणं बंद करा, ब्रेक लागला की पोर हातातून सुटतं, एअरबॅग उघडली तर अजूनच वाईट. २०१९ च्या बदललेल्या कायद्याप्रमाणे चौदा वर्षाखालचं मूल बेल्ट किंवा चाइल्ड सीटशिवाय असेल तर हजार रुपये दंड आहे, पण दंडासाठी म्हणून मी सांगत नाहीये. उन्हात उभी असलेली गाडी उघडली की आधी दारं पाच मिनिटं उघडी ठेवा, मग बेल्टच्या लोखंडी बकलला आपला हात लावून बघा आणि मगच पोराला बसवा, ते बकल मांडीला लागलं तर चटका बसतो. आणि "दोन मिनिटात आलो" म्हणून पोराला बंद गाडीत सोडून कोणीही उतरायचं नाही, रसवंतीवर रस घ्यायला सुद्धा नाही.

संभाजीनगरकडून येताना कन्नड घाटात बऱ्याच पोरांना गाडी लागते. घाटाच्या तासभर आधी काही जड देऊ नका, दूध तर नकोच, कोरडी भाकरी किंवा मुरमुरे चालतील. मोबाईल काढून घ्या, लांब समोर बघायला सांगा, खिडकी थोडी उघडा. उलटीची पिशवी आणि एक जोड कपडे हाताशी. गोळी द्यायची असेल तर डॉक्टरांना विचारून, मोठ्यांची अर्धी गोळी मोडून देण्याचा उद्योग नको.

आता खरा धोका कुठे आहे ते सांगते. रेल्वे, एसटी सगळं नीट होतं आणि स्टेशनवर मामा मोटरसायकल घेऊन घ्यायला येतो. मागे ताई, मध्ये मोठं पोर, टाकीवर धाकटं, हँडलला बॅग. प्रेमाने येतो हो तो बिचारा, पण त्याला आदल्या दिवशीच फोन करून सांगा की दादा, तू सामान घेऊन जा, आम्ही रिक्षाने नाहीतर काळीपिवळीने येतो. दुचाकीवर जाणंच भाग असेल तर नऊ महिने ते चार वर्षाच्या पोराला त्याच्या मापाचं हेल्मेट आणि चालवणाऱ्याच्या अंगाला बांधायचा पट्टा हवा आणि स्पीड ताशी ४० च्या आत, हा सरकारी नियमच आहे. गावाकडे हा नियम कोणी पाळत नाही हे मला माहितीये, तरी तुम्ही पाळा.

पाण्याचं. सहा महिन्याच्या आतलं बाळ असेल तर त्याला फक्त आईचं दूध, वरचं पाणी अजिबात नाही, ४५ डिग्रीत सुद्धा नाही. गावात चार जणी म्हणतील की लेकराच्या घशाला कोरड पडली, दोन चमचे पाज. त्यांना गोड बोलून सांगा की डॉक्टरांनी नाही सांगितलंय, आणि आपण स्वतः भरपूर पाणी, ताक पिऊन बाळाला जास्त वेळा पाजा. सहा महिन्याच्या पुढच्याला उकळून गार केलेलं पाणी, दर थोड्या वेळाने दोन-दोन घोट, मागण्याची वाट बघायची नाही. ओआरएसची पाकिटं बॅगेत हवीतच. मोठं पाकीट अख्खं एक लिटर पाण्यातच घालायचं, ग्लासभर पाण्यात थोडी पावडर टाकून द्यायचं नाही, प्रमाण चुकलं तर अपाय होतो, आणि कालवलेलं चोवीस तासांनी फेकायचं. पाकीट नसेल तर एक लिटर उकळून गार केलेलं पाणी, सहा सपाट लहान चमचे साखर आणि अर्धा लहान चमचा मीठ. पोराने सहा-आठ तास शू केली नाही, रडताना डोळ्यात पाणी नाही, तोंड कोरडं, नजर मलूल असं दिसलं तर घरगुती उपाय करत बसू नका, सरळ दवाखाना. अंग तापलंय आणि पोर गुंगीत आहे असं असेल तर कपडे काढा, ओल्या कपड्याने अंग पुसत राहा, वारा घाला आणि १०८ ला फोन लावा.

वरचं दूध पिणाऱ्या पोराचं दूध कोमट करून थर्मासमध्ये भरून नेऊ नका, ते त्यातच नासायला लागतं. थर्मासमध्ये नुसतं गरम पाणी, पावडर वेगळ्या डबीत, पाजायच्या वेळी कालवायचं. बाटलीपेक्षा वाटी-चमचा बरा, धुवायला सोपा. आता खाऊ. आपल्याकडे प्रवासाला दशमी करतात त्याला तोड नाही, दुधात मळलेली, तुपाचा हात लावलेली, गुळाबरोबर पोरं आवडीने खातात आणि दुसऱ्या दिवशीही मऊ राहते. राजगिऱ्याचे लाडू, फुटाणे (पाच वर्षाच्या आतल्यांना फुटाणे-शेंगदाणे नको, घशात अडकतात), आणि केळी. केळ्याला साल असते, हात घाण असले तरी चालतं. दोन हिरवट, दोन पिकलेली घ्या म्हणजे जाताना-येताना दोन्हीकडे पुरतात.

डायपर फक्त प्रवासापुरता. तीन-एक तासांनी बदला, भरला नसला तरी, नाहीतर या गरमीत पुरळ येतंच. घरी पोचल्यावर सुती लंगोट आणि मोकळं अंग.

पोचलात की सगळे हुश्श करतात, आणि पोर नेमकं तेव्हाच मोकळं सुटतं. सगळ्यात आधी कूलर बघा. आपल्याकडचे ते मोठे लोखंडी कूलर, खाली पाणी सांडलेलं, पोर ओल्या पायाने जाऊन जाळीत बोटं घालतं. अर्थिंग आहे का ते भावाला तपासायला लावा, पाणी भरताना बटण बंद करून प्लग काढायला सांगा, आणि कूलरसमोर खाट आडवी टाका म्हणजे पोर तिथवर पोचतच नाही. रात्री धाब्यावर, म्हणजे घराच्या सपाट छतावर, झोपायचं सुख आहेच, पण कठडा नसेल तर लहान पोर वर नेऊ नका, अंगणात झोपा. अंथरूण झटकून घाला, सकाळी चपला-बूट उलटे करून आपटा, विंचू थंड जागा शोधतो. पाण्याचं टाकं, हौद, विहीर याची झाकणं पहिल्याच दिवशी फिरून बघून घ्या.

जेवणात आधीच आईला सांगून ठेवा की पोरांचं वरण, भरीत फोडणीआधी बाजूला काढ, शेवभाजीची तर्री त्यांच्या पोटाला झेपत नाही. आखाजीला पितरांची घागर भरून झाली की आमरस सुरू होतो, पहिल्या दिवशी चार चमचेच द्या, प्रत्येक मावशी-काकूच्या घरी वाटीभर झाला की संध्याकाळी पोट बिघडतं. पाया पडायला, भेटीगाठीला सगळीकडे पोराला नेऊ नका, दुपारची झोप मोडली तर रात्र तुमची जाते. फिरायला न्यायचंच असेल तर पद्मालय, पाटणादेवी सकाळी सातला निघून दहाला घरात. अजिंठा जळगावहून साठेक किलोमीटर आहे म्हणून मनात येतं, पण सोमवारी लेणी बंद असतात आणि पायऱ्या-चढ पोर कडेवर घेऊन चढायचा आहे, तान्ह्याला घेऊन मे महिन्यात नकोच, दिवाळीत जा. थंडावा हवा असेल तर शहाद्यावरून तोरणमाळ, तिथेही घाट आहे, वर सांगितलेलं गाडी लागण्याचं लक्षात ठेवा.

परतीचं तिकीट जातानाच काढा, तेही रात्रीचं. आणि बिबडे, कुरडया, लोणचं, आंब्याची पेटी असं सगळं आई बांधून देते ते प्रेम मोठं आहे, पण एका हातात पोर असणार हे तिला सांगा आणि जेवढं एका खांद्यावर मावेल तेवढंच घ्या, बाकीचं भाऊ पुण्याकडे येईल तेव्हा आणेल. निघायच्या दिवशी पोराला हलकं, मऊ भात-वरण, संध्याकाळी अंघोळ, सुती कपडे, आणि पाण्याची बाटली शेवटच्या मिनिटाला घरच्या माठातून नको, उकळून गार केलेलीच भरा.