पळताना, मेहनत करताना ओकारी का येते आणि काय करायचं

राजहंसगडाचा चढ पहिल्यांदा पळत चढलो त्या दिवशी अर्ध्यातच रस्त्याकडेच्या दगडाला धरून भडाभडा ओकलो, आणि पडलं काय तर सकाळी हाणलेली मिसळ, मटकी अख्खीच्या अख्खी, खाऊन दीड तास झाला होता तरी. दोस्त म्हणतंय पित्त पडलं, बरं झालं. तालमीत पण कितीजण असंच म्हणतात की, ओकला म्हणजे मेहनत लागली. तसं काही नसतंय बघा.

जोरात पळताना रक्त मांड्यांकडं वळतं, ऊन असलं तर अंग गार ठेवायला कातडीकडं पण, मग पोटाला उरतं काय? दम तुटेपर्यंत पळालं तर पोटाचं रक्त नेहमीच्या पाचव्या हिश्श्यावर पण येऊ शकतं. पोट पुढं ढकलायचं काम मंद करतं आणि आतलं नुसतं घुसळत राहतं, त्यात तर्रीचं तेल, तेल तर आधीच उशिरा पचतंय. अंगात पाणी कमी असलं तर अजून बेकार.

म्हणून भरपेट जेवण असेल तर तीन तास सोडा. सकाळी लवकर जायचं तर तासभर आधी एक केळं बास. तळलेलं, कडधान्य, दूध सगळं नंतर (बेळगावची दुधाची मिठाई कुंदा पण, हो). पण नुसत्या चहावर पण जाऊ नका, काहींची साखर उतरते आणि चक्कर येऊन मळमळतं.

पाणी घोट घोट प्यायचं, बाटली तोंडाला लावून एकदम रिकामी केली की पोटात डबडब वाजतं. दोन-तीन तास घाम गाळणार असाल तर नुसतं पाणीच ढोसत राहू नका, रक्तातलं सोडियम उतरलं की त्यानं पण उलटी होते, ओआरएस जवळ ठेवा.

भरतीची पोरं 1600 मीटरला पहिल्याच राउंडला फुल सुटतात आणि तिसऱ्याला कडेला वाकलेली दिसतात. आधी दहा मिनिटं हळू पळून अंग गरम करा, स्पीड आठवड्या-आठवड्यानं वाढवा. संपल्यावर गपकन थांबून बसायचं नाही, पाच-दहा मिनिटं चालायचं. बैठका मारताना, वजन उचलताना श्वास कोंडू नका. आणि पाय दुखतोय म्हणून पळायच्या आधी आयब्रुफेन घ्यायची सवय असेल तर सोडा, ती गोळी आतड्याला अजून त्रास देते.

आलीच उलटी तर तिथंच बंद. राहिलेला राउंड पुरा करायची मर्दानगी नको. सावलीत बसा, चूळ भरा, पोट जरा शांत झालं की घोटभर पाणी. चक्कर असेल तर कुशीवर आडवं व्हा.

छातीत दाबल्यागत झालं, हात नाहीतर जबडा दुखायला लागला तर पित्त म्हणून सोडा पीत बसू नका, 108 ला फोन लावा. उन्हात अंग तापून माणूस बरळायला लागला तर 108 ला फोन लावून गाडी येईपर्यंत कपडे सैल करून अंगावर पाणी ओता, वारा घाला, पण शुद्धीत नसेल तर तोंडात पाणी घालू नका. उलटीत रक्त दिसलं, किंवा जबर मेहनतीनंतर लघवी कोऱ्या चहासारखी झाली तर त्याच दिवशी दवाखाना, आणि साधं हळू पळून पण दरवेळी ओकारी येत असेल तर एकदा डॉक्टरला दाखवाच.