बेसिनचं पाणी हळू उतरतंय? आधी झाकण काढून बघा

नवीन देशात भाड्याचं घर घेऊन काही महिने झाले की बाथरूमच्या बेसिनमध्ये पाणी रेंगाळायला लागतं. तोंड धुऊन झालं तरी साबणाचा फेस तळाशी फिरत राहतो. घर आपलं नाही, हात घातला आणि काही मोडलं तर काय, या धास्तीने नवीन आलेला माणूस ते तसंच चालवून घेतो. मीही पहिलं वर्ष तसंच काढलं. म्हणून आता कुणी नवीन आलं की त्यांच्याकडे गेल्यावर मी बेसिनचं झाकण काढून दाखवतोच. अर्ध्या तासाचं काम आहे आणि त्याला प्लंबर लागत नाही.

बहुतेक वेळा तुंबलेली जागा लांब पाइपात नसते, झाकणाखाली वीतभर अंतरात असते. झाकणाच्या खालच्या भागाला केस अडकतात, त्यांवर साबण आणि टूथपेस्टचा चिकट थर बसतो, आणि तो थर पुढचे केस धरून ठेवतो. त्यामुळे काहीही ओतण्याआधी झाकण काढा. काही झाकणं नुसती उचलून निघतात, काही फिरवून. नळामागची दांडी ओढल्यावर खाली-वर होणारं झाकण असेल आणि ते निघत नसेल, तर बेसिनखाली वाकून बघा. पाइपात मागून एक आडवी सळई गेलेली दिसेल. खाली बादली ठेवा, सळईभोवतीचा नट हाताने सैल करा, सळई मागे ओढा, की झाकण वर निघतं. सोडवण्याआधी मोबाइलवर फोटो काढून ठेवा, कारण परत बसवताना ती सळई झाकणाच्या खालच्या भोकातच ओवावी लागते.

आता हातमोजे घाला आणि टॉर्च मारून आत बघा. काटे असलेली प्लास्टिकची लांब पट्टी मिळते, ती हळूहळू आत सारा, थोडी फिरवा आणि वर ओढा. पट्टी नसेल तर तारेचं टोक आकड्यासारखं वळवलं तरी चालतं. निघालेला गुंता काळा आणि घाण वासाचा असतो. तो कागदात गुंडाळून कचऱ्यात टाका, कमोडमध्ये नको.

एवढ्याने भागलं नाही तर प्लंजर, म्हणजे दांड्याला रबरी वाटी लावलेला पंप. इथे एक चूक जवळपास सगळेच करतात. बेसिनच्या वरच्या कडेजवळ जास्तीचं पाणी जायला एक भोक असतं. ते उघडं राहिलं तर प्लंजरचा सगळा जोर तिथून निघून जातो. ओला फडका त्यात घट्ट दाबून धरा, प्लंजरचा रबर बुडेल एवढं पाणी ठेवा आणि दहा-पंधरा वेळा जोर लावा.

तरीही पाणी अडलं तर बेसिनखालचा वाकडा पाइप, म्हणजे ट्रॅप, उघडावा लागेल. त्या वळणात नेहमी थोडं पाणी असतं, आणि ते मुद्दाम असतं. गटाराचा वास घरात येऊ नये म्हणून. भाड्याच्या घरात हे करण्याआधी घरमालकाला विचारा. खाली बादली ठेवून दोन्ही बाजूंचे नट सोडवा, गाळ काढा, पाइप दुसरीकडे धुऊन घ्या. वॉशर कोणत्या बाजूने बसला होता ते नीट लक्षात ठेवा. मी एकदा तो उलटा बसवला आणि रात्रभर थेंब थेंब गळून बेसिनखालच्या कपाटाचा तळ फुगला. तेव्हापासून जोडून झालं की पाणी सोडून प्रत्येक सांध्याभोवती कोरडा टिश्यू फिरवतो. टिश्यू ओला झाला नाही तरच कपाट बंद करतो. प्लास्टिकचे नट हातानेच आवळा, पान्याने जोर केला तर ते तडकतात.

तुंबलेलं उघडायची रसायनं वापरू नका, हे मी कळकळीने सांगतो. त्यांतल्या बऱ्याच द्रावणांत कॉस्टिक सोडा असतो. तो कातडी आणि डोळे भाजतो. एकावर एक दोन वेगळी द्रावणं तर कधीच ओतू नका, ब्लीच आणि आम्ल एकत्र आलं की विषारी क्लोरीन वायू तयार होतो. आधीच काही ओतून झालं असेल तर प्लंजर मारू नका, ट्रॅपही उघडू नका, आणि प्लंबर आला तर त्याला ते आधी सांगा. खाण्याचा सोडा आणि व्हिनेगर यांचा फेस दिसायला जोरदार असतो, पण दोघं एकमेकांना निष्प्रभ करतात आणि केसांचा गुंता जागचा हलत नाही. उकळतं पाणीही नको, त्याने पीव्हीसीचा पाइप मऊ पडतो. नळाचं गरम पाणी पुरे.

बेसिनबरोबर शॉवरचं पाणीही तुंबत असेल किंवा कमोड गुडगुडत असेल, तर अडथळा पुढच्या मुख्य लाइनमध्ये असण्याची शक्यता मोठी. ते तुमच्या हातचं काम नाही. त्याच दिवशी घरमालकाला लेखी कळवा, आणि माणूस येईपर्यंत घरात पाणी कमीत कमी सोडा.