गॅस गिझर बदलताना धुराडं तपासा

नवा गॅस गिझर बसवताना सगळं लक्ष पाण्याच्या जोडण्यांकडे जातं आणि जुनं धुराडं, म्हणजे जळलेला वायू बाहेर नेणारा पाइप, तसंच नव्या गिझरला चिकटवलं जातं. खरा धोका तिथेच आहे. जळलेल्या वायूतल्या विषारी कार्बन मोनॉक्साइडला ना रंग, ना वास.

पाइपचा व्यास नव्या गिझरच्या माहितीपत्रकाशी जुळवून पाहा. आडवा पाइप बाहेरच्या दिशेने चढता हवा, मीटरमागे साधारण 2 सेंटीमीटर तरी. वळणं जितकी कमी तितकं बरं. सांध्यांवर नुसती चिकटपट्टी गुंडाळणाऱ्याला परत बोलवा.

मग परीक्षा. दारं-खिडक्या बंद, एक्झॉस्ट फॅन चालू, गिझर पाच मिनिटं पेटता. पेटलेली उदबत्ती धुराड्याच्या बुडाशी, गिझरच्या माथ्यावरच्या फटीजवळ धरा. धूर आत ओढला गेला तर ठीक. खोलीत उलटा फिरला तर गिझर लगेच बंद करा, खिडक्या उघडा. पुष्कळदा दोषी असतो तो पंखाच, तोच धूर मागे खेचतो. (ज्याचा ज्वलनकक्ष पूर्ण बंद असतो आणि जो खोलीतली हवा घेत नाही, अशा गिझरला ही फट नसते, त्याला ही युक्ती लागू नाही.)

ज्योत निळी हवी. पिवळी दिसली, काजळी धरली, तर मेकॅनिक येईपर्यंत गार पाण्यानेच आंघोळ.