भाड्याचं घर: डिपॉझिटवरून वाजण्याआधी या चुका टाळा

मी नऊ वर्षं भाड्याने राहिलो आणि आता चार वर्षं झाली माझाच एक वन बीएचके भाड्याने दिलाय, त्यामुळे दोन्ही बाजूंनी शिव्या देऊन पण झाल्यात आणि खाऊन पण. एक गोष्ट पक्की कळलीय, घर सोडताना जे भांडण होतं त्याचं बी चावी घेतली त्याच दिवशी पडलेलं असतं. खाली जे लिहितोय ते महाराष्ट्रापुरतं आहे, भाड्याचे कायदे राज्यागणिक बदलतात.

"अकरा महिन्यांचंच आहे ना, नोटरी करून टाकू"

सगळ्यात कॉमन चूक ही, आणि सल्ला बहुतेक वेळा ब्रोकरचाच असतो. १९०८ च्या नोंदणी कायद्यात वर्षभराच्या आतल्या भाडेपट्ट्याला रजिस्ट्रेशनची सक्ती नाही, तिथून हा अकरा महिन्यांचा फंडा आला. पण आपल्याकडे महाराष्ट्र भाडे नियंत्रण कायदा, १९९९ आहे आणि त्याचं कलम ५५ म्हणतं की ॲग्रीमेंट लेखी हवं आणि रजिस्टर पण हवं, मग ते अकरा महिन्यांचं असो नाहीतर तीन वर्षांचं. हे करून घ्यायची जबाबदारी घरमालकाची. नाही केलं तर तीन महिन्यांपर्यंत कैद किंवा ५,००० रुपयांपर्यंत दंड किंवा दोन्ही होऊ शकतं, पण खरी गोम पुढे आहे. वाद झाला तर अटी काय ठरल्या होत्या याबद्दल भाडेकरू जे सांगेल ते खरं धरलं जातं, खोटं आहे हे मालकाने सिद्ध करत बसायचं. म्हणजे शंभर गोष्टी ठरवून नोटरीचा कागद कपाटात ठेवलात तरी ऐन वेळी तो कागद तुमच्या फारसा कामाचा नाही.

खर्चाचं म्हणाल तर समजा भाडं २०,०००, डिपॉझिट १ लाख, मुदत अकरा महिने. एकूण भाडं झालं २,२०,०००, त्यात डिपॉझिटवर वर्षाला १० टक्क्यांनी धरलेलं व्याज मिळवायचं आणि त्या बेरजेवर ०.२५ टक्के स्टॅम्प ड्युटी, म्हणजे पावणेसहाशेच्या आसपास. रजिस्ट्रेशन फी शहरात १,०००, ग्रामीण भागात ५००. वर एजंटचे काय असतील ते. ऑनलाइन होतं, आधार आणि थंब दिला की झालं, ऑफिसला चकरा नाहीत. एवढ्यासाठी लोक लाखभर रुपयांचा जुगार का खेळतात मला खरंच कळत नाही.

बेसिनची चीर

भाडेकरू असताना एका घराच्या वॉशबेसिनला नळाच्या खाली बोटभर लांब चीर होती. राहायला गेलो त्या दिवशीच दिसली होती, इतकी की बायकोने तिच्यावर साबणाची डबी ठेवायला सुरुवात केली, दिसू नये म्हणून. दोन वर्षांनी घर सोडताना घरमालक काकांनी ती डबी उचलली, चिरेवरून बोट फिरवलं आणि म्हणाले "हे आधी नव्हतं हो". माझ्याकडे दाखवायला काही म्हणजे काही नव्हतं. अख्ख्या बेसिनचे पैसे डिपॉझिटमधून गेले, वर रंगाचे वेगळे. काका खोटं बोलत होते असं आजही मला वाटत नाही, त्यांना खरंच आठवत नसणार.

त्यामुळे आता मी मालक म्हणून चावी देतो त्या दिवशी भाडेकरूला सोबत घेऊन मोबाईलवर एक सलग व्हिडिओ काढतो, प्रत्येक नळ सोडून, प्रत्येक बटण दाबून, खिडक्यांचे स्लायडर सरकवून, बाथरूमची मागची भिंत जिथे ओल येते ती जवळून, ओट्याखालचा पाइप, दाराच्या आतली बाजू. शेवटी लाईटच्या मीटरचं रीडिंग. मग तिथेच उभं राहून दोघांच्या व्हॉट्सॲपवर टाकायचा आणि खाली लिहायचं काय काय आधीपासून खराब आहे. पंधरा मिनिटं लागतात. गेल्या भाडेकरूने जाताना तोच व्हिडिओ उघडून मला दाखवलं की पंख्याचा रेग्युलेटर पहिल्यापासून दोनवरच अडकत होता, मी गप्प बसलो, विषय संपला.

रंगाचं पण आधीच लिहा. नुसतं "घर चांगल्या स्थितीत परत करणे" असं लिहिलं की दोघं आपापला अर्थ काढतात. मालक म्हणतो नवीन रंग, भाडेकरू म्हणतो झाडून पुसून दिलं की बास. रंगासाठी डिपॉझिटमधून एक ठरलेली रक्कम कापणार की काहीच नाही, ते आकड्यात लिहा. वापराने फिका पडलेला रंग आणि भिंतीला पडलेलं भगदाड या दोन वेगळ्या गोष्टी आहेत, हे मालक लोकांनी जरा लक्षात घ्यावं.

गीझर कोणी दुरुस्त करायचा

बोअरचं पाणी असलं की गीझरच्या कॉइलवर क्षार चढतात आणि कधीतरी कॉइल जातेच. भाडेकरू म्हणतो वस्तू तुमची, मालक म्हणतो वापरलंत तुम्ही. दोघांचं बरोबर! मी सोपं करून टाकलंय, बल्ब, नळाचा वॉशर, तुंबलेलं सिंक असलं भाडेकरूने बघायचं, भिंतीतला पाइप, वायरिंग, गळती हे माझं, आणि गीझरसारख्या वस्तूंना एका ठरलेल्या रकमेपर्यंत त्यांनी, वरचं मी. हे ॲग्रीमेंटमध्येच टाकलंय. आणि भाडेकरूंनो, गळती दिसली की फोनवर सांगून सोडून देऊ नका, फोटोसकट मेसेज करा, नाहीतर सहा महिन्यांनी खालच्या मजल्यावाल्याचं छत खराब झालं की खापर तुमच्यावर फुटतं.

भाडेकरूंची एक लाडकी चूक आहे, शेवटचे दोन महिने भाडं द्यायचंच नाही आणि "डिपॉझिटमधून वळतं करून घ्या" म्हणायचं. डिपॉझिट मिळणार नाही अशी भीती असते, कळतं मला, पण मालकाने लेखी हो म्हटल्याशिवाय हे केलं की थकबाकीदार तुम्ही ठरता आणि बाजू उगाच लंगडी होते. तसंच "दोन महिन्यांपेक्षा जास्त डिपॉझिट घेणं बेकायदा आहे" हे जे फॉरवर्ड फिरतं ना, ते केंद्राच्या २०२१ च्या मॉडेल टेनन्सी ॲक्टमधलं आहे. तो नमुना आहे, राज्याने स्वीकारल्याशिवाय लागू होत नाही, आपल्याकडे १९९९ चाच चालतो.

मुदत संपली तरी माणूस हलत नाही

इथे मालक लोक डोकं गरम करून घेतात, कुलूप बदलतात, पाणी बंद करतात. अजिबात करू नका. भाडेकरूचं पाणी, लाईट, लिफ्ट असल्या अत्यावश्यक सेवा योग्य कारणाशिवाय तोडायला १९९९ च्या त्याच भाडे नियंत्रण कायद्यात बंदी आहे, म्हणजे चूक त्याची आणि कोर्टात उभे तुम्ही. लिव्ह अँड लायसन्स (ठरलेल्या मुदतीसाठी फक्त राहायची परवानगी देणारा करार) केलेलं असेल तर त्याच कायद्याच्या कलम २४ खाली सक्षम प्राधिकाऱ्याकडे, म्हणजे अशा प्रकरणांसाठी नेमलेल्या अधिकाऱ्याकडे, अर्ज करता येतो आणि मुदत संपल्यापासून जागा सोडेपर्यंत दुप्पट दराने नुकसानभरपाई मागता येते. लेखी ॲग्रीमेंट तिथे पुरावा म्हणून निर्णायक धरतात. पहिल्या मुद्द्याला एवढा वेळ का घेतला ते आता कळलं असेल.

बाकी बारीकसारीक: पोलिसांना भाडेकरूची माहिती ऑनलाइन देऊन पावती ठेवा. मालक स्वतः राहत नाही म्हणून सोसायटी नॉन ऑक्युपन्सी चार्ज लावते तो सर्व्हिस चार्जेसच्या १० टक्क्यांपेक्षा जास्त लावता येत नाही, २००१ पासून सरकारी आदेशच आहे, आणि तो भरायचा कोणी हे आधी ठरवा. महिन्याचं भाडं ५०,००० च्या वर असेल तर भाडेकरूने २ टक्के टीडीएस, म्हणजे भाड्यातूनच कापून सरकारकडे भरायचा कर, कापायचा असतो, नोकरदार असला तरी.

डिपॉझिट अडकलंच तर

रोज फोन करून भांडू नका, फोनचा पुरावा राहत नाही. चावी दिली त्या दिवशीच मेसेज टाका, आज अमुक तारखेला चावी दिली, मीटर रीडिंग इतकं, लाईट बिल भरलंय, डिपॉझिट अमुक खात्यात पाठवा. काही कापणार असतील तर हिशोब आणि बिलं मागा, तोंडी आकडा मान्य करू नका. पंधरा दिवस वाट बघून वकिलाची नोटीस. तरी नाही हललं तर थेट दावा ठोकण्याआधी जिल्हा विधी सेवा प्राधिकरणाकडे जाऊन लोकअदालतीत दाखलपूर्व, म्हणजे कोर्टात केस होण्याआधीचं, प्रकरण म्हणून घेतात का विचारा, कोर्ट फी लागत नाही आणि तिथे तडजोड झाली की ती दिवाणी कोर्टाच्या हुकुमासारखीच बंधनकारक, वर अपील नाही. दावा करायचाच झाला तर पैसे परत द्यायची तारीख उलटल्यापासून तीन वर्षांच्या आत करा. सोबत लावायला रजिस्टर्ड ॲग्रीमेंट, डिपॉझिट ट्रान्सफर केल्याचं बँक स्टेटमेंट, चावी दिल्याचा मेसेज, आणि पहिल्या दिवशीचा तो व्हिडिओ, साबणाची डबी बाजूला करून काढलेला.