मोठ्या वयात ऑटिझमची तपासणी: डॉक्टरांसमोर जाण्याआधीची तयारी

हळदीकुंकवात हसतमुखाने वाण घेऊन आलेली बाई घरी येताच दिवा न लावता दोन तास पडून राहते. तपासणीच्या खोलीत दिसते ती फक्त हळदीकुंकवातली बाई. नजरेला नजर, वेळेवर हसू, नेटकी उत्तरं, आणि ऑटिझमचं (स्वमग्नतेचं) निदान हातातून निसटतं. म्हणून न दिसणारा भाग कागदावर न्यायला हवा.

दोन आठवडे वही ठेवा. रोज तीन गोष्टी लिहा: काय घडलं, निभावण्यासाठी काय केलं, नंतर काय झालं. उदाहरणार्थ: 'राजारामपुरीत बस्त्याची खरेदी, ३ तास. काय बोलायचं ते आदल्या रात्री पाठ केलं. दुसऱ्या दिवशी दुपारपर्यंत शब्द फुटेना, जेवण नाही.' नुसतं 'दमले' लिहून उपयोग नाही, ते सगळेच म्हणतात. किती तास, काय बंद पडलं, ते लिहा. कुकरची शिट्टी, काठपदराची जर, परकराची नाडी, ट्यूबलाइटचा आवाज यांतलं काय सोसत नाही हेही टिपा. २०१३ च्या डीएसएम-५ पासून (मानसिक विकारांच्या निदानाची अमेरिकी नियमपुस्तिका) संवेदनांचा त्रास निदानाच्या निकषांत आहे.

मग बालपण. लक्षणं लहानपणापासून हवीत, मात्र मोठेपणी शिकलेल्या युक्त्यांमागे ती झाकली जाऊ शकतात, हेही डीएसएम-५ मान्य करतं. आईला 'मी वेगळी होते का गं?' असं विचारलं तर 'छे, किती शहाणी होतीस, काही त्रास दिला नाहीस' हेच ऐकायला मिळेल. नेमकं विचारा. भातुकलीत मी खेळायचे की भांडीच ओळीने मांडायचे? मिरवणुकीत ढोल वाजला की काय करायचे? पाहुणे न सांगता आले की? एकाच मैत्रिणीला चिकटून असायचे का? मावशीला, थोरल्या बहिणीलाही विचारा. जुनी प्रगतिपुस्तकं काढा. 'हुशार, पण मिसळत नाही' असा शेरा मोलाचा असतो. ऑटिझम असलेल्या मुलींचा छंद चारचौघींसारखाच वाटतो, एखादी नटी, मांजरं, कादंबऱ्या. त्यामुळे विषय सांगून थांबू नका, त्यात किती बुडून जायचात ते सांगा.

निदान मानसोपचारतज्ज्ञ करतात, किंवा भारतीय पुनर्वास परिषदेकडे नोंदणी असलेले चिकित्सालयीन मानसशास्त्रज्ञ. कोल्हापुरातल्या सीपीआर या सरकारी रुग्णालयाची ओपीडी असो वा खासगी दवाखाना, आधी विचारा: 'मोठ्या बायकांची ऑटिझमची तपासणी करता का?' फक्त मुलांची करत असतील तर कुणाकडे पाठवता, हेही विचारून घ्या. ताण असह्य झाला तर टेलि-मानस या सरकारी मदतवाहिनीचा १४४१६ हा मोफत क्रमांक आहे. तिथे आधार मिळतो, निदान नाही.

कॅट-क्यू ही २५ प्रश्नांची प्रश्नावली मुखवटा किती वापरता, म्हणजे चारचौघांत आपलं वेगळेपण किती लपवता, ते मोजते. लोकांत धास्ती वाटणाऱ्या बाईचेही त्यात जास्त गुण येऊ शकतात, तेव्हा आकड्यावर निकाल लावू नका.

आत गेल्यावर कागद वाचून दाखवा. संकोच नको. 'मी तुमच्याकडे बघतेय ते ठरवून' हेही सांगा. पाच मिनिटं एकटीने बोलायला मागा; सासू किंवा नवरा शेजारी असताना मुखवटा गळत नाही. स्थळं बघणं चालू असेल तर बातमी फुटायची भीती खरी असते. २०१७ च्या मानसिक आरोग्य सेवा कायद्याने गोपनीयतेचा हक्क दिला आहे.

चूक बहुतेक इथे होते: चिंता, नैराश्य किंवा बॉर्डरलाइन व्यक्तिमत्त्व विकार (भावना आणि नाती सतत टोकाला जाणं) असं नाव पडतं आणि शोध थांबतो. ते आजार सोबत असूही शकतात, एडीएचडीही (लक्ष न टिकणं, अस्वस्थ चुळबुळ) असू शकतो. फरक विचारून घ्या: भीती लोक काय म्हणतील याची आहे, की काय चाललंय तेच उमगत नाही म्हणून? चालू गोळ्या मात्र स्वतःहून बंद करू नका. 'लग्न झालंय, नोकरी करता, मग कसला ऑटिझम?' असं म्हणून कुणी वाटेला लावलं तर दुसरं मत घ्या. ऑटिझम बरा करतो म्हणणाऱ्या गोळ्या-इंजेक्शनांच्या नादी लागू नका; तसं औषध नाही.

दिव्यांग प्रमाणपत्र वेगळी बाब आहे. २०१६ च्या दिव्यांग हक्क कायद्यात ऑटिझम आहे, पण दिव्यांगत्वाचे टक्के आयएसएए या ऑटिझम मोजण्याच्या ४० मुद्द्यांच्या भारतीय मापनावर ठरतात आणि बऱ्याच सवलतींना किमान ४० टक्के लागतात. सगळं निभावून नेणाऱ्या बाईला कमी टक्के मिळू शकतात. त्याने निदान खोटं ठरत नाही, म्हणून निदानाचा अहवाल स्वतंत्र, सहीशिक्क्यानिशी मागून घ्या.