'सर, एक बाईट मिळेल का?' : कॅमेऱ्यासमोर बोलताना वकिलांनी या चुका टाळा

संध्याकाळी साडेपाचच्या सुमाराला शिवाजीनगर कोर्टाच्या गेटवर ओबी व्हॅन, म्हणजे वाहिनीची थेट प्रक्षेपणाची गाडी, उभी दिसली की समजायचं, आज कुठल्यातरी गाजलेल्या प्रकरणात रिमांड होता. चार-पाच बूम माईक एकदम पुढे येतात आणि मागून आवाज येतो, "सर, दोनच मिनिटं, एक बाईट." बाईट म्हणजे कॅमेऱ्यासमोरची छोटी प्रतिक्रिया. त्या प्रकरणाशी काडीचा संबंध नसलेला एखादा वकीलही नेमका त्याच वेळी तिथून रेंगाळत चाललेला असतो. मीही असा रेंगाळलो आहे, त्यामुळे हसणार कुणाला?

फौजदारी बाजूला वकिली करता करता वाहिन्यांची पॅनेलं, फोनो (फोनवरून थेट प्रतिक्रिया) आणि वर्तमानपत्रातल्या 'कायदेतज्ज्ञ काय म्हणतात?' छापाच्या चौकटी बऱ्याच झाल्या. चुकाही झाल्या. खाली लिहिल्यात त्यातल्या निम्म्या माझ्याच आहेत. कुठल्या, ते सगळं सांगणार नाही.

आदेश न वाचता बोलणं

बाकीच्या बहुतेक चुका या एकीतून निघतात. फोन येतो तो असा: "सर, कोर्टानं आत्ताच जामीन दिलाय, पाच मिनिटांत लाईव्ह घेतो तुम्हाला." त्या क्षणी आदेश स्टेनोच्या वहीत असतो. वार्ताहरानं कोर्टरूममध्ये मागच्या बाकाजवळ उभं राहून जे अर्धंमुर्धं ऐकलं, तेवढंच तुमच्यापर्यंत पोचलेलं असतं. त्यात न्यायाधीशांनी युक्तिवादाच्या ओघात विचारलेला एखादा प्रश्नही 'ताशेरे' म्हणून येतो. प्रश्न म्हणजे ताशेरे नव्हेत, आणि आदेशात जे लिहिलेलं नाही ते कोर्टानं म्हटलं असं धरता येत नाही. हे आपण रोज अशिलाला सांगतो. कॅमेरा लागला की स्वतःच विसरतो.

१९ मे २०२४ च्या पहाटे कल्याणीनगरला पोर्शे गाडीच्या धडकेत दोन तरुण अभियंते गेले. गाडी चालवणारा सतरा वर्षांचा. बाल न्याय मंडळानं काही तासांत जामीन दिला, त्यात तीनशे शब्दांच्या निबंधाची अट होती. त्यानंतरच्या आठवड्यात पुण्यातला निम्मा बार, म्हणजे वकीलवर्ग, टीव्हीवर होता म्हटलं तरी चालेल. "असा जामीन देताच येत नाही," हे वाक्य मी किती वेळा ऐकलं त्याची गणती नाही. बाल न्याय कायद्याचं कलम १२ उघडून पाहिलं असतं तर ते कुणाच्या तोंडून निघालं नसतं. तिथे गुन्हा जामीनपात्र असो वा नसो, मुलाला सोडणं हा नियम आहे. अपवाद तीन: तो सराईत गुन्हेगारांच्या संगतीत पडेल, त्याला शारीरिक, मानसिक वा नैतिक धोका होईल, किंवा सोडल्यानं न्यायाचा हेतूच विफल होईल. म्हणजे वाद घालायचाच तर तिसऱ्या अपवादावर होता. अटी गुन्ह्याच्या मानानं शोभतात का, यावर होता. तो वाद चांगला रंगला असता.

दुसरं वाक्य: "आता त्याच्यावर सज्ञान म्हणून खटला चालणार." आपोआप चालत नाही. कलम १५ नुसार मंडळानं आधी प्राथमिक मूल्यांकन करायचं असतं, आणि तेही मूल सोळा वर्षांपुढचं आणि किमान शिक्षा सात वर्षांची असलेला गुन्हा असेल तरच. कमाल शिक्षा मोठी, पण किमान सात वर्षं लिहिलेली नाहीत, अशा गुन्ह्यांचं काय? सर्वोच्च न्यायालयानं २०२० मध्ये शिल्पा मित्तल प्रकरणात सांगितलं, की ते या वर्गात येत नाहीत. भारतीय दंड विधानाच्या कलम ३०४ मध्ये, म्हणजे सदोष मनुष्यवधात, सात वर्षांची किमान शिक्षा नाही. एवढं माहीत असलेला माणूस त्या संध्याकाळी ठामपणे काही बोलला नसता. २५ जूनला मुंबई उच्च न्यायालयानं, जामिनानंतर मंडळानंच निरीक्षणगृहात पाठवलेल्या त्या मुलाची सुटका करायला सांगितली, तेव्हा मे महिन्यात ठाम असलेल्या मंडळींची फार पंचाईत झाली. लोकांचा राग खरा होता, त्याबद्दल दुमत नाही. पण राग मांडायला स्टुडिओत आणखी पाच जण बसले होते. वकिलाला बोलावलं होतं ते कलम १२ सांगायला.

उपाय सोपा आहे. प्रत व्हॉट्सअ‍ॅपवर पाठवा, मग बोलतो, असं सांगायचं. वार्ताहर पाठवतात, त्यांनाही ते बरं पडतं. प्रत नसेल तर पहिलंच वाक्य: "आदेशाची प्रत मी पाहिलेली नाही, अशा अर्जावर कायदा काय म्हणतो तेवढं सांगतो." अँकरला हे आवडत नाही. नाही आवडलं तर नाही.

जुनी कलमं, नवी घटना

ही माझी. जुलै २०२४, फसवणुकीचं एक प्रकरण, रात्री नऊचा फोनो. मी सवयीनं म्हणून गेलो, "हा सरळसरळ चारशेवीसचा गुन्हा आहे." दुसऱ्या दिवशी बाररूममध्ये चहा घेताना एका ज्युनिअरनं गंभीर चेहऱ्यानं विचारलं, "सर, नव्या संहितेत शेवटचं कलम कितवं?" तीनशे अठ्ठावन्न. चारशेवीस हा आकडा दंड विधानाच्या जागी आलेल्या भारतीय न्याय संहितेत येऊच शकत नाही. फसवणूक आता ३१८ मध्ये आहे, आणि आपलं जुनं ४२० म्हणजे ३१८ चं चौथं पोटकलम.

माझी चूक निदान पकडता येण्यासारखी होती. खरा धोका जे आकडे दोन्हीकडे आहेत त्यांचा. खून सांगताना '३०२' म्हणालात, तर नव्या संहितेत ते धार्मिक भावना दुखावण्याच्या हेतूनं बोलण्याचं कलम आहे. खून १०३ मध्ये गेला. '३०४' म्हणालात तर ते हिसकावून नेण्याचं, म्हणजे पुण्यातल्या सोनसाखळीवाल्यांचं. सदोष मनुष्यवध १०५ वर आहे.

म्हणून कलमाचा आकडा तोंडातून काढण्याआधी एकच विचारायचं: घटना कधीची? १ जुलै २०२४ च्या आधीची असेल तर दंड विधानच लागू. पोर्शेचा खटला म्हणूनच आजही जुन्या कलमांत आहे, आणि त्याला नवे आकडे चिकटवणारेही भेटतात. घटना नंतरची असेल तर न्याय संहिता. अपघाताच्या बातम्यांत आणखी एक खाच आहे. 'नव्या कायद्यात हिट अँड रनला दहा वर्षं' असं बिनधास्त सांगितलं जातं. ते कलम १०६ चं दुसरं पोटकलम. १ जुलैला बाकीची संहिता लागू झाली तेव्हा सरकारनं ते बाजूला ठेवलं होतं. ते सांगण्याआधी राजपत्रातली ताजी स्थिती बघा. हयगयीनं मृत्यूचं पहिलं पोटकलम लागू आहे आणि त्यात पाच वर्षांपर्यंत शिक्षा आहे, पूर्वी दोन होती. बातमी सांगायला तेवढंही पुरतं.

वर्तमानपत्राचे शब्द आपल्या तोंडी

'दणका', 'क्लीन चिट', 'झटका'. नोटीस निघाली की दणका, तारीख मिळाली की दिलासा. डेस्कवर बसलेल्याला मथळा करायचा असतो, त्याचं ठीक आहे. आपण ते शब्द उचलायचे नाहीत.

'क्लीन चिट'चंच घ्या. पोलिसांनी तपास बंद करून समरी, म्हणजे तसा अहवाल, कोर्टाला पाठवली की लगेच हा शब्द येतो. आपल्याकडे समरी तीन प्रकारची असते. 'अ' म्हणजे गुन्हा खरा, पण आरोपी सापडला नाही किंवा पुरावा मिळाला नाही. 'ब' म्हणजे फिर्यादच खोटी, कुरापतीनं केलेली. 'क' म्हणजे खरीही नाही, खोटीही नाही, गैरसमजातून किंवा दिवाणी वादातून आलेली. यातली कुठली, ते विचारल्याशिवाय भाष्य करण्यात अर्थ नाही. आणि तिन्हींपैकी कुठलीही दंडाधिकाऱ्यांनी मान्य करायला लागते, फिर्यादीला आक्षेप घेता येतो. पोलिसांनी पाठवली म्हणजे संपलं नाही. एवढं सांगितलंत तरी त्या दिवशीच्या प्रेक्षकाला नवीन काहीतरी मिळालं.

'जन्मठेप म्हणजे चौदा वर्षं' हे तर वकिलांच्या तोंडूनही ऐकतो. जन्मठेप म्हणजे उरलेलं सगळं आयुष्य, असं सर्वोच्च न्यायालयानं १९६१ मध्येच म्हटलंय, तेही गांधीहत्या खटल्यात जन्मठेप झालेल्या गोपाळ विनायक गोडसे यांच्या अर्जावर, म्हणजे पुण्याच्याच माणसाच्या. चौदा वर्षं येतात ती सुटकेचा विचार करण्याच्या बाबतीत. काही गुन्ह्यांत त्याआधी सोडताच येत नाही.

जाता जाता एक. कोल्हापूरला १८ ऑगस्ट २०२५ पासून उच्च न्यायालयाचं सर्किट बेंच सुरू झालं, त्यात पुणे जिल्हा नाही. पुण्याचं अपील मुंबईलाच जातं. पॅनेलवर बसून आपली फाईल कोल्हापूरला पाठवू नका.

आपल्याच केसवर बोलणं

इथे चूक महागात पडते. वकिलांचं नियमन करणाऱ्या बार कौन्सिल ऑफ इंडियाच्या नियमांतला नियम ३६ जाहिरातबंदीचा म्हणून सगळ्यांना माहीत असतो. पण त्यातच हेही आहे, की ज्या प्रकरणात आपण वकील आहोत त्यावर वर्तमानपत्रांत भाष्य छापून आणायचं नाही, फोटो छापून आणायचा नाही. वकीलपत्र दाखल केलं असेल तर पॅनेलला जायचंच नाही. गेटवर गाठलंच तर कोर्टात उघडपणे काय झालं तेवढं सांगायचं: अर्ज दाखल केला, सरकार पक्षाचं म्हणणं मागवलं, पुढची तारीख अमुक. अशील आपल्याला काय बोलला ते तर ऑफ द रेकॉर्डही नाही. 'ऑफ द रेकॉर्ड' हा शब्द साक्ष कायद्यात नाही. पूर्वीचं कलम १२६, आताच्या साक्ष अधिनियमात १३२, ते अशिलाच्या परवानगीबद्दल बोलतं, वार्ताहराच्या शब्दाबद्दल नाही.

चर्चेच्या शेवटी मोबाईल नंबर सांगणं, किंवा रीलखाली 'सल्ल्यासाठी संपर्क' टाकणं, हेही त्याच नियमात येतं. मार्च २०२५ मध्ये बार कौन्सिलनं समाजमाध्यमांवरच्या अशा जाहिरातबाजीवर कडक शब्दांत पत्रक काढलं होतं.

आणि गाऊन. कोर्टाबाहेर सार्वजनिक ठिकाणी बँड-गाऊन घालायचा नाही, समारंभ वगळता, असा स्पष्ट नियम असताना घरच्या अभ्यासिकेत पंखा लावून, गाऊन चढवून झूमवर बसलेले मी पाहिलेत. साधा शर्ट चालतो. पडद्यावरच्या नावाच्या पट्टीवर 'ज्येष्ठ विधिज्ञ' आलं तर तेही आधीच काढायला सांगा. सीनियर अ‍ॅडव्होकेट हे उच्च न्यायालय किंवा सर्वोच्च न्यायालय देतं ते नामाभिधान आहे, केस पिकले म्हणून मिळत नाही. नुसतं 'वकील' पुरे.

ओळख उघड करणं

लैंगिक अत्याचाराच्या प्रकरणात नाव घ्यायचं नाही एवढं सगळे पाळतात. पण न्याय संहितेचं कलम ७२ नावावर थांबत नाही, ओळख पटेल असं काहीही त्यात येतं, शिक्षा दोन वर्षांपर्यंत. उपनगर, कॉलेजची शाखा आणि वडिलांचा व्यवसाय, एवढ्या तीन गोष्टी बोलून गेलात की त्या भागातल्या प्रत्येक वाण्याला कळतं. पीडित व्यक्ती हयात नसली तरी नाव घेता येत नाही, हे २०१८ मध्ये निपुण सक्सेना प्रकरणात ठरलंय. अँकर चुकून बोलला तर आपण ते पुन्हा उच्चारायचं नाही आणि ब्रेकमध्ये त्याला सांगायचं. बालकाच्या बाबतीत, मग तो आरोपी असला तरी, बाल न्याय कायद्याचं कलम ७४ आहेच.

'मग शिक्षा होणार का?'

हा प्रश्न हमखास येतो. "होईल" म्हटलं तर फिर्यादीचे वकील झालात, "अवघड आहे" म्हटलं तर आरोपीचे. मी पुढचा टप्पा सांगतो: साठ किंवा नव्वद दिवसांत दोषारोपपत्र यायला हवं, न आल्यास आरोपीला जामिनाचा हक्क मिळतो, त्यानंतर दोषारोप निश्चिती, मग साक्षी. अँकर पुन्हा विचारतो. मी पुन्हा तेच सांगतो. तिसऱ्यांदा तो दुसऱ्या खिडकीकडे वळतो.

निकालावर टीका करायला हरकत नाही. तर्क कुठे चुकला, कुठला निवाडा विचारात घेतला नाही, हे जरूर सांगा. न्यायाधीशांनी 'असं का केलं असेल' हा प्रश्न आला की पाणी प्या.

चूक होऊन गेली तर

लाईव्हमध्ये लक्षात आली तर तिथल्या तिथे: "मघाशी मी कलम चुकीचं सांगितलं, ते अमुक आहे." फोन ठेवल्यावर लक्षात आली तर वार्ताहराला लगेच मेसेज, कारण रात्री अकराच्या बुलेटिनला तोच तुकडा पुन्हा लागतो. छापील मजकुरात तुमचं वाक्य बदललं गेलं असेल तर आधी वार्ताहर, मग डेस्क. नोटिशीची भाषा पहिल्या फोनला नको, बहुतेकदा मजकूर कापताना झालेलं असतं. आणि बोलताना स्वतःच्या मोबाईलवर रेकॉर्डिंग लावून ठेवा. क्लिप कापून फिरली तर मूळ दाखवता येतं.

चारशेवीसच्या वेळी मी सकाळीच त्या वाहिनीला फोन केला. पलीकडचा मुलगा म्हणाला, "सर, राहू द्या, आमच्या पट्टीवर पण चारशेवीसच होतं."