मोसंबीची साल उकिरड्यावर जाण्याआधी

पाचोऱ्यात आमचं ज्यूसचं दुकान आहे. हंगामात सालींच्या गोण्या उकिरड्यावर जातात, त्यातली एखादी मी तेल आणि पेक्टिन (जॅम घट्ट करणारा पदार्थ) काढायला घरी आणते. पहिल्या दिवशी सासूबाईंनी विचारलं, "हाई काय करी राह्यनी वं?" त्यांना दारूची भट्टी वाटली असणार. भांडी दिसतातही तशीच.

सालीत दोन वेगळे माल असतात. वरच्या पापुद्र्यात तेल, आतल्या पांढऱ्या गरात पेक्टिन. साल पाटावर उलटी ठेवा आणि स्टीलच्या चमच्याने पांढरं खरवडून वेगळ्या पातेल्यात काढा. दोन्ही एकत्र उकळलं तर पाणी चिकट होऊन फेस वर येतो. साल त्याच दिवशीची हवी. आमच्याकडच्या उन्हात चिरलेली साल दुपारपर्यंत ठेवली की वास घरभर, म्हणजे तेल गेलंच.

तेलाला आधी मी कुकर वापरला, शिट्टी काढून तिथे नळी बसवली. सालीचे तुकडे वर चढून नळीच्या तोंडाशी बसले. थेंब पडायचे थांबले, म्हणून लक्ष गेलं आणि पटकन गॅस बंद केला. तुम्ही कुकर वापरूच नका. जाड स्टीलचं पातेलं घ्या. झाकणाला तीन सुताची (3/8 इंची) तांब्याची नवी नळी पितळेने झाळून घ्या, शिशाची झाळ नको. झाकणाची कड कणकेने लिंपायची. वाफ कोंडली तर कणीक आधी सुटते, पातेलं उडत नाही.

तळाशी पाणी, वर जाळी, जाळीवर बारीक चिरलेली साल. पाण्याला साल लागू द्यायची नाही. नळीचे चार-पाच वेढे थंड पाण्याच्या बादलीतून न्यायचे आणि टोक काचेच्या बाटलीत सोडायचं. सालीच्या तेलात मुख्यतः लिमोनीन नावाचं द्रव्य असतं. ते एकटं 176 अंशांना उकळतं, पण पाण्याच्या वाफेसोबत 100 च्याही खाली निघून येतं. म्हणून आच मंदच ठेवा. उन्हाळ्यात बादलीतलं पाणी तासाभरात कोमट होतं आणि नळीतून नुसती वाफ येते. मी पहाटे पाचला बसते, बादलीत बर्फाची लादी टाकते. बहुतेक तेल पहिल्या तासात येतं.

बाटलीत पाण्यावर पातळ, बिनरंगी थर तरंगतो. बाटली लांब मानेची असेल तर खालून पाणी वाढवून तेल मानेत आणा आणि काचेच्या ड्रॉपरने ओढा. उरलेल्या पाण्याच्या थेंबांसाठी बाटली फ्रीजरमध्ये ठेवा. पाणी गोठतं, तेल गोठत नाही, ओतून घ्यायचं. एकदा थेंब थर्माकोलच्या ताटलीवर पडला, ताटलीला भोक पडलं. म्हणून प्लास्टिकची बाटली नाही. गडद काचेची, काठोकाठ भरलेली आणि थंड जागी. हवा लागून जुनं झालेलं तेल अंगाला लावलं तर खाज सुटते. ते पेट घेतं, म्हणून गॅसजवळ ओतायचं नाही.

खरं सांगते, 3 किलो पातळ सालीतून मला जेमतेम 10 मिली मिळालं. गॅसचा खर्चही निघत नाही. फरशी पुसायला वासाचं पाणी मात्र भरपूर मिळतं.

पैसा आहे तो पांढऱ्या गरात. गर रात्रभर पाण्यात ठेवून पाणी दोनदा बदला, कडूपणा उतरतो. मग 1 किलो गराला 2 लिटर पाणी आणि पाच लिंबांचा रस. तासभर मंद आचेवर, खदखदू न देता. मलमलीतून नुसतं गाळा. पिळलंत तर गढूळ येतं. गाळलेलं निम्मं होईपर्यंत आटवा. तयार झालं का पाहायला एक चमचा थंड करून त्यात तीन चमचे स्पिरिट घाला, गोळा धरला पाहिजे. तो फेकून द्या, चाटून बघू नका.

शहाद्याकडून पपई येते, तिचा जॅम एरवी वरणासारखा वाहतो. 1 किलो पपईच्या गराला 1 किलो साखर आणि या आटवलेल्या रसाची मोठी वाटी घातली, वर थोडं लिंबू पिळलं. दुसऱ्या दिवशी बरणी आडवी केली तरी जॅम जागचा हलला नाही.